पाचशे रुपये कमी पडले नव्हते

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पुण्यात राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. घरात सहा माणसं : नवरा-बायको, सासू-सासरे, १२ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. मुलांना पैशाचा अंदाज यावा म्हणून आईने एका रविवारचं दुपारचं जेवण त्यांच्यावर सोपवलं. ५०० रुपये हातात दिले आणि सांगितलं, "यात बसवा." बेत पावभाजीचा. काय करायचं ते मुलीने ठरवायचं आणि पैसे मुलाने सांभाळायचे, अशी वाटणी झाली. मुलांनी आधी दुकानातून २२० रुपयांचा आइस्क्रीमचा फॅमिली पॅक, १४० रुपयांचं चीज आणि ९५ रुपयांचं पनीर घेतलं. मग मंडईत टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेतली, तोवर हातात पाच रुपये राहिले. बटाटे नाहीत, पाव नाहीत, लोणी नाही. मुलगी रडकुंडीला आली. वडिलांनी फोन काढला आणि वरचे २९० रुपये भरून बाकीचं सामान आणून दिलं. जेवण छान झालं. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "पैसे संपले तरी काही होत नाही, बाबा स्कॅन करतात." सासूबाईंचं म्हणणं, मुलांना आतापासून पैशाच्या भानगडीत ओढलं तर ती चिकट होतील. आई विचारतात, पाचशे कमी पडले, की मुलं अजून लहान आहेत? हे बंद करू, की जास्त पैसे देऊन पुन्हा करून बघू?

उत्तर :

तुम्ही सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात आणि आकडे पत्रात लिहिलेत, हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आकड्यांतच आहे. पावभाजीला खरोखर जे लागलं तेवढंच आधी वेगळं काढू. बटाटे ६०० ग्रॅम १८ रुपये, फ्लॉवरचा लहान गड्डा ३०, मटारच्या शेंगा अर्धा किलो ३०, ढोबळी मिरची पाव किलो २०, टोमॅटो अर्धा किलो २०, कांदे अर्धा किलो १५, दोन लिंबं १०, कोथिंबिरीची जुडी १५, पावाच्या तीन लाद्या ७२, शंभर ग्रॅम लोणी ६० आणि पावभाजी मसाल्याचं ५० ग्रॅमचं पाकीट ४५. बेरीज ३३५ रुपये.

म्हणजे पाचशे कमी पडले नव्हते. पोटभर पावभाजी होऊन वर १६५ रुपये उरत होते. पनीरसुद्धा त्यात बसत होतं. बसत नव्हतं ते आइस्क्रीम, चीज आणि पनीर हे तिन्ही एकदम, कारण त्यांचेच ४५५ झाले. तेव्हा आणखी पैसे देण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. ८०० दिले असते तर त्या दिवशी सगळं बसलं असतं, आणि मुलांना काहीच समजलं नसतं.

मुलं लहान आहेत का? नऊ वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते, बाराव्या वर्षी दशांश अपूर्णांकही येतात. हिशेब त्यांना जमणारा आहे. चुकला तो क्रम. आइस्क्रीम सर्वांत आधी घेतलं, आणि आइस्क्रीम हातात घेऊन मंडईत गेलेलं मूल चार ठिकाणी भाव विचारत उभं राहत नाही; ते वितळायच्या आत घरी पोचायला बघतं. शिवाय काय काय घ्यायचंय याची यादीच नव्हती, त्यामुळे जे डोळ्यांसमोर आलं ते आधी घेतलं गेलं. मोठी माणसंही पोटात भूक आणि खिशात नोट असताना असंच करतात.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. ५०० हा आकडा आला कुठून? पत्रात त्याचं कारण नाही. बहुधा हाताशी पाचशेची नोट होती, ती दिली. मुलांच्या बाजूने बघा : आईने एक आकडा दिला, त्यात काय धरायचं ते सांगितलं नाही. तेल धरायचं का? घरात डब्यात मसाला असेल तर नवा आणायचा का? सहा जणांना पाव किती लागतात? हे ठाऊक नसताना "यात बसवा" म्हणणं म्हणजे उंची न सांगता उडी मारायला लावणं. बजेट म्हणजे वरून मिळालेली रक्कम नाही. काय लागेल, किती लागेल, त्याचा आज भाव काय, हे मांडून जो आकडा निघतो तो बजेट. तो आकडा मुलांनी स्वतः काढला, तर तो पाळायची जबाबदारीही त्यांना आपली वाटते.

म्हणून पुढच्या वेळी पैसे सर्वांत शेवटी द्या. सुरुवात रविवारी करू नका, बुधवारी-गुरुवारी करा.

त्या दिवशी तुम्ही नेहमीच्या भाजीला जाताना मुलांना वही-पेन्सिल घेऊन बरोबर न्या. त्यांनी काही विकत घ्यायचं नाही, फक्त भाव लिहायचे. इथेच पहिली खरी अडचण येते. मंडईत किलोचा भाव कुणी सांगतच नाही. "वीसला पाव", "तीसला अर्धा", "जुडी पंधरा", "दहाला दोन", "हा वाटा वीसला", अशी भाषा असते. वीसला पाव म्हणजे किलो ८० रुपये, हे मोठ्यांच्या डोक्यात आपोआप होतं, मुलांच्या होत नाही. एका ठिकाणी "वीसला पाव" आणि शेजारी "पस्तीसला अर्धा" ऐकलं तर मुलाला पहिला भाव स्वस्त वाटतो, कारण वीस हा पस्तीसपेक्षा लहान. दोन्ही किलोवर आणले की ८० आणि ७० होतात. वहीत प्रत्येक भाव किलोचा करूनच लिहायचा : पावचा असेल तर गुणिले चार, अर्ध्याचा असेल तर गुणिले दोन. हे काम नऊ वर्षांच्या मुलाला द्या. आठवड्याभरात तो तुमच्यापेक्षा पटकन सांगायला लागेल.

घासाघीस मात्र शिकवू नका, निदान आत्ता तरी. टोपली घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणं म्हणजे बजेट नव्हे. तीन ठिकाणी भाव विचारून मग घेणं हे खरं कौशल्य आहे, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

मग शुक्रवारी संध्याकाळी यादी. वहीचं पान आडवं धरून सहा रकाने आखायला सांगा : वस्तू, किती लागणार, घरात किती आहे, किती आणायचं, अंदाजे किती रुपये, आणि शेवटचा "खरे किती गेले" हा रकाना रिकामा. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सगळे गाळतात. मुलांना स्वयंपाकघरात उभं करून डबे उघडायला लावा. कांदे किती आहेत, लसणीचा गड्डा आहे का, लोण्याची अर्धी वडी फ्रिजच्या दारात आहे का? घरात असलेली वस्तू पुन्हा विकत येणं ही कुठल्याही घरातली मोठी गळती असते, मग ते घर मुलांचं असो की मोठ्यांचं.

"किती लागणार" हे माणसं मोजून ठरवायचं. पावांपासून सुरुवात करा, ते सोपं आहे. प्रत्येकाला विचारून यायचं. समजा आई, बाबा आणि ताई प्रत्येकी तीन, आजी-आजोबा आणि धाकटा प्रत्येकी दोन, तर नऊ आणि सहा मिळून १५ पाव. तुमच्याकडे लादी सहा पावांची मिळते, म्हणजे तीन लाद्या घ्याव्याच लागतात आणि तीन पाव उरतात. आपल्याला लागतं त्या मापात दुकानात वस्तू मिळत नाही, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. आता प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा : तीन पाव संध्याकाळी भाजून चहाबरोबर खायचे, की सहाही जणांनी अर्धा-अर्धा पाव सोडून बारामध्ये भागवायचं? उत्तर कुठलंही चालेल. ते यादी करताना ठरलं पाहिजे, जेवताना नाही.

भाजीचं माप तुम्ही सांगा किंवा सासूबाईंना विचारू द्या. सहा जणांना, त्यात दोन मुलं आणि दोन वयस्कर, बटाटे ६०० ग्रॅम, टोमॅटो अर्धा किलो, फ्लॉवर ३०० ग्रॅम, सोललेले मटार २०० ग्रॅम, ढोबळी मिरची १५० ग्रॅम, कांदे वरून कच्चे धरून ४०० ग्रॅम, एवढं पुरतं. घरात छोटा वजनकाटा असेल तर फारच छान. मटारची गंमत मात्र मुलांकडूनच करून घ्या. अर्धा किलो शेंगा सोलायच्या आणि दाण्यांचं वजन करायचं. साधारण सव्वादोनशे ग्रॅम भरतात, म्हणजे निम्म्याहून थोडे कमीच. तुमच्या भावाने ३० रुपयांच्या शेंगांतून २२५ ग्रॅम दाणे निघाले, तर दाणे किलोला सुमारे १३३ रुपये पडले. शेंगांच्या भावाने म्हणजे साठ रुपयांनी नव्हे. आता दुकानातल्या गोठवलेल्या मटारच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाशी तुलना करू द्या. ते १०० रुपयांना असेल तर किलोला २००. थंडीत शेंगा स्वस्त पडतात. पावसाळ्यात शेंगा १६० रुपये किलो झाल्या की दाणे साडेतीनशेच्या वर जातात आणि पाकीट परवडतं. एकच वस्तू जानेवारीत एका तऱ्हेने आणि जुलैत दुसऱ्या तऱ्हेने घ्यायची, हे पाठ करून घेण्यापेक्षा एकदा काट्यावर बघितलेलं पक्कं बसतं.

यादी झाली की मुलांनी प्रत्येक वस्तूसमोर एक खूण करायची. हे नसेल तर पावभाजीच होणार नाही, त्याला एक. असलं तर बरं, त्याला दोन. पावभाजीशी संबंध नाही पण हवंय, त्याला तीन. तुम्ही खुणा करू नका, त्यांना वाद घालू दे. कोथिंबीर एक की दोन? लोणी एक आहे, पण शंभर ग्रॅमच का, पन्नास ग्रॅम लोणी आणि थोडं तेल चालेल का? या वादातच निवड करणं शिकलं जातं. पनीर आणि चीज दोनमध्ये जाईल, आइस्क्रीम तीनमध्ये. आणि खरेदी त्याच क्रमाने करायची : एकच्या सगळ्या वस्तू पिशवीत पडल्याशिवाय दोनला हात लावायचा नाही. थंड वस्तू तर कुठल्याही गटातली असो, शेवटी.

एकच्या आणि नेहमीच्या वस्तूंची बेरीज ३३५ आली, की त्यावर दहा टक्के, धरा ३५ रुपये, राखून ठेवायला सांगा. भाव बुधवारचे आहेत, खरेदी रविवारी आहे. जोराचा पाऊस झाला तर पंधराची कोथिंबीर चाळीसला होते, हे तुम्हाला माहीत आहे, मुलांना माहीत नाही. असे ३७० झाले. पाचशे ही मर्यादा कायम ठेवली तर १३० रुपये मोकळे राहतात आणि मुलांची निवड तिथे खरी सुरू होते. पनीर घेतलं तर ३५ उरतात, त्यात ताकापुरतं दही येईल. पनीर सोडलं तर १३० मध्ये सहा जणांना प्रत्येकी एक साधी कुल्फी कदाचित बसेल, त्यासाठी त्यांना भाव विचारून यावं लागेल. फॅमिली पॅक बसत नाही. "नाही" हे तुम्ही म्हणायचं नाही, ते वहीतला आकडा म्हणतो.

पाकिटातल्या वस्तूंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलं तिथे सर्वांत जास्त फसतात. पाकिटावरची एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. दुकानदार त्याहून जास्त घेऊ शकत नाही, कमी जरूर घेऊ शकतो. आणि आता पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापायचा नियम आला आहे. तो बारीक अक्षरात, एमआरपीच्या आसपास असतो. मुलांना तो शोधायला लावा. मसाल्याचं ५० ग्रॅमचं पाकीट ४५ रुपयांना असेल तर त्यावर ०.९० रुपये प्रति ग्रॅम असं दिसेल. शेजारचं १०० ग्रॅमचं ८२ रुपयांना असेल तर ०.८२. मुलगी लगेच म्हणेल, मोठं घेऊ, स्वस्त आहे. तिला विचारा, एका वेळी किती लागतो? सहा जणांना साधारण १५ ग्रॅम. महिन्यातून एकदा पावभाजी होत असेल तर १०० ग्रॅम सहा महिन्यांहून जास्त पुरेल, आणि उघडलेल्या मसाल्याचा वास तोवर उडून जातो. ग्रॅमला आठ पैसे वाचवून शेवटी ३०-४० ग्रॅम मसाला फेकला, तर महाग काय पडलं? हा हिशेब एकदा कागदावर केला की "मोठं ते स्वस्त" ही समजूत आपोआप सैल होते.

त्याच पाकिटावरून आणखी एक गोष्ट निघते. १५ ग्रॅम मसाला वापरला म्हणजे साडेतेरा रुपयांचा. पण दुकानात गेले ४५. मग पावभाजीचा खर्च कुठला धरायचा? जेवण झाल्यावर, ताटं उचलली की लगेच नव्हे, दुपारची झोप झाल्यावर वही उघडा आणि दोन बेरजा करायला सांगा. पहिली, आज हातातून किती गेले : ३३५. दुसरी, आज पोटात किती गेलं. मसाल्याचे ४५ ऐवजी १३.५०. पाव १५ खाल्ले, एक पाव चार रुपयांचा, म्हणजे ७२ ऐवजी ६०. कांदे ४०० ग्रॅम वापरले, १५ ऐवजी १२. ढोबळी मिरची १५० ग्रॅम वापरली, २० ऐवजी १२. ३३५ मधून ५४.५० वजा झाले, राहिले २८०.५०. हातातून गेलेले पैसे आणि झालेला खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधला फरक फडताळात, कांद्याच्या टोपलीत ठेवलेला आहे, हे बाराव्या वर्षी समजलेल्या मुलीला पुढे जमा-खर्च अवघड जाणार नाही. धाकट्याला हे पहिल्या वेळी झेपणार नाही, त्याच्यासाठी पहिली बेरीज पुरे.

गॅस विसरतात सगळे. तो असा काढा : १४.२ किलोचं सिलिंडर तुमच्याकडे किती दिवस जातं, आणि भरून घेताना किती पैसे पडले? ९०० रुपये आणि ४५ दिवस असतील तर रोजचे २० रुपये. त्यातला निम्मा त्या जेवणाचा धरा. मघाच्या २८०.५० मध्ये हे दहा मिळवले की साधारण २९० रुपये; भागिले सहा, म्हणजे माणशी अठ्ठेचाळीसच्या आसपास. मुलांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात प्लेटचा भाव बघून यायला सांगायला हरकत नाही, पण "बघ, ते किती लुटतात" असा शेवट करू नका. जागेचं भाडं, कामाला असलेल्या माणसांचा पगार, वाया जाणारा माल, आणि तुम्ही घरी फुकट केलेली दोन तासांची मेहनत, हेही त्या फरकात आहे. घरातल्या मेहनतीला रुपये लागत नाहीत म्हणून ती दिसत नाही. मुलांना ती त्या दिवशी दिसली तर चांगलंच आहे.

आता तुमच्या यजमानांच्या फोनबद्दल. त्यांनी प्रेमापोटी केलं, हे उघड आहे. मूल रडत असताना बाप पैसे मोजत बसत नाही. पण मुलगा जे म्हणाला ते त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं. तुमच्या मुलाने पाकीट उघडून नोटा मोजणारे वडील बहुधा फार थोड्या वेळा पाहिले असतील. त्याच्या अनुभवात पैसे संपत नाहीत, फोन पुढे केला की होतात. म्हणून काही महिने तरी हे जेवण रोख पैशांवर करा. पाचशेची एक नोट देऊ नका. तीन शंभराच्या, तीन पन्नासच्या आणि बाकी दहा-दहाच्या द्या. मोठी नोट मोडताना काही वाटत नाही. शंभराच्या नोटा तीनच्या दोन झाल्या की हाताला समजतं. मंडईत सुट्टे लागतातच.

आणि नियम आधीच सांगून ठेवा, सगळ्यांसमोर : कमी पडलं तर बेत बदलेल, रक्कम बदलणार नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू. बाबांनी स्कॅन करायचं नाही, आजोबांनी गुपचूप पन्नास द्यायचे नाहीत. मात्र मुलांना उपाशी ठेवून धडा द्यायचा नसतो, आजी-आजोबांना तर नाहीच. त्यासाठी सुटकेची वाट आधीच ठरवा. पाव कमी पडले तर पोळ्या लाटायच्या. मटार परवडले नाहीत तर बटाटा वाढवायचा. सगळंच फसलं तर डाळ-तांदूळ डब्यात आहेत, खिचडी टाकायची, पापड भाजायचा आणि हसत जेवायचं. त्या खिचडीवर टोमणा मारायचा नाही. "बघ, मी सांगत होते" हे एक वाक्य सगळी मेहनत घालवतं. पुढच्या वेळी मुलं सांगतील, तूच कर.

पैसे उरले तर? बरेच पालक म्हणतात, उरलेले तुमचे. करू नका. उरलेले पैसे खिशात जाणार असं कळलं की हुशार मूल भाजीतला फ्लॉवर कमी करतं, लोणी कमी करतं, आणि सगळ्यांचं ताट आपल्या खिशासाठी बारीक करतं. मग सासूबाई म्हणतात तसा चिकटपणा खरोखरच येईल. उरलेले पैसे पुढच्या बेतात जमा करा, वहीत वर लिहून : मागची शिल्लक २७ रुपये. अशी शिल्लक पुरेशी साठली की त्यातून फॅमिली पॅक आणता येतो, आणि तो सगळ्यांच्या वाट्याला येतो.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नका. खाण्याच्या प्रत्येक घासाला किंमत चिकटवली तर मुलं पाहुण्याच्या ताटाकडेही तशीच बघायला लागतील. म्हणून हा हिशेब महिन्यातून एखाद-दोन जेवणांपुरताच ठेवा, आणि जेवताना पानावर बसून कुणी कशाचा भाव काढायचा नाही, असं ठरवून टाका. आणि सासूबाईंना या कामात सल्लागार करा. चार माणसं अचानक आली तर भाजी कशी वाढवायची, कालच्या पोळ्यांचं काय करायचं, वाटीभर तांदूळ किती जणांना पुरतो, हे त्यांना जेवढं येतं तेवढं तुम्हा-आम्हाला येत नाही. मुलांनी त्यांचं मुठीचं, वाटीचं माप काट्यावर ठेवून वहीत लिहून घ्यावं. त्या करतात ते बजेटच आहे, त्यांनी त्याला कधी हे नाव दिलं नाही इतकंच.

वाटणीबद्दलही बोलायला हवं. बेत मुलीकडे आणि पैसे मुलाकडे, हे तुम्ही मुद्दाम केलं नसणार, सवयीने झालं असेल. तरी दर वेळी अदलाबदल करा. एका रविवारी पैसे तिच्याकडे, कढई त्याच्याकडे. नऊ वर्षांचा मुलगा मटार सोलू शकतो, उकडलेले बटाटे सोलून कुस्करू शकतो, काट्यावर वजन करू शकतो. चिरणं आणि कुकर ताईकडे, तुम्ही शेजारी उभ्या.

पहिल्या दोन वेळा बेत बदलू नका. मुलांना कंटाळा येईल, ती पिझ्झा म्हणतील, पण दुसऱ्यांदाही पावभाजीच करा. तोच बेत पुन्हा केला तरच मागच्या पानाशी या पानाची तुलना होते : अंदाज कुठे चुकला, कोथिंबीर का महागली, लोणी ६० ग्रॅममध्ये भागलं का. तिसऱ्या वेळी छोले किंवा मिसळ, मग पोळी-भाजी-वरण-भाताचं साधं जेवण. ते सर्वांत अवघड असतं, कारण त्यात विकत आणलेलं थोडं आणि डब्यातलं जास्त, आणि डब्यातल्या गव्हाची किंमत काढायला किराणा मालाची महिन्याची यादी उघडावी लागते. मुलगी चौदाची झाली की आठवडाभराची भाजी तिच्याकडे द्यायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी हातात खरंच थोडे पैसे असतात, त्यांनी हा प्रयोग पिठलं-भाकरी आणि कांद्यावर करावा, दीडशे रुपयांत. रकाने तेच. अशा घरातल्या मुलांना "आपल्याला परवडत नाही" हे घाबरवून न सांगता "या जेवणाला एवढे ठरवलेत" असं सांगावं. आणि ज्यांना परवडतं त्यांनी खोटं "परवडत नाही" म्हणू नये, मुलांना ते लगेच कळतं. गावाकडे ज्यांची भाजी परसातून येते, त्यांनी ती फुकट धरू नये, त्या दिवशीचा बाजारभाव लिहावा. आणि दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपवरून मागवायचंच असेल तर बिलाच्या तळाशी असलेले पोचवण्याचे, हाताळणीचे पैसे मुलांना मोठ्याने वाचायला लावा आणि वस्तूंच्या संख्येने भागायला सांगा.

येत्या बुधवारी भाव लिहायला निघण्याआधी एक काम करा. मागच्या वेळच्या पावत्या मुलांसमोर ठेवा आणि काही न बोलता त्यांनाच खुणा करू द्या, एक, दोन, तीन. ३३५ चा आकडा तुम्ही सांगू नका, त्यांना सापडू दे. आणि नव्या यादीत "घरात किती आहे" या रकान्यात मसाला ३५ ग्रॅम लिहायला विसरू देऊ नका.